आमची कोलशेतची कंपनी

बंद पडलेल्या कंपनीतून कुणाला फारसं काही मिळत नाही. एखादं हेल्मेट, स्टीलचा डबा, सर्व्हिस सर्टिफिकेट. किस्से मात्र भरपूर मिळतात, आणि ते कुणी मागायला येत नाही, त्यामुळे साठतच जातात! आमचे तर गेल्या महिन्यात कल्याणच्या एका हॉस्पिटलखालच्या टपरीवर एवढे निघाले, की चहावाला म्हणाला, "तुम्ही लोक पेशंट बघायला येता की गप्पा मारायला?"

पेशंट म्हणजे आमचा सावंत. राहायला शहाडला, ठाण्याच्या कोलशेतमधल्या केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता. फुप्फुसं पार निकामी झालेली. डॉक्टरांनी सांगून टाकलेलं, आता औषधांनी काही होणार नाही, शांतपणे जाऊ द्या. पण सावंत शांत होईना. नळ्या ओढायचा, उठायला बघायचा, सारखा दाराकडे बघायचा. सावंतवहिनी हात जोडून म्हणायच्या, "देवा, सोडव रे यांना." स्वतःच्या नवऱ्यासाठी असं मागताना बाईचा जीव किती तुटत असेल! त्याला सुखाने जाता यावं, एवढंच आम्हा तिघांना हवं होतं. त्यासाठी करायचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून गप्पा.

तिघं म्हणजे मी लिमये, लॅबमधली, राहणार डोंबिवली. दुसरे दातारसाहेब, आमचे शिफ्ट इन्चार्ज. आणि तिसरा मूळचा बाळकुमचा भोईर, सावंतच्याच प्लांटवरचा ऑपरेटर. दातारसाहेब आणि मी वर जाऊन सावंतला बघून यायचो. भोईर रोज यायचा, पण जिना चढायचा नाही. "मना नाय बघवत," एवढंच म्हणायचा आणि टपरीवर बसून राहायचा.

*

कंपनी हा शब्द इंग्रजी आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीत "बाबा कुठे गेले?" विचारलं की "कंपनीत" म्हणायचं. कुठल्या कंपनीत, काय करतात, हे विचारायची पद्धत नव्हती. लग्नाच्या बैठकीतही "मुलगा कंपनीत आहे" म्हटलं की पोहे पुढे सरकायचे!

माझा भाचा आयटीत आहे. एकदा सावंत घरी आलेला असताना तो पेढे घेऊन आला. म्हणाला, "काका, कंपनी बदलली."

सावंतला वाईट वाटलं. "अरेरे! आधीची बंद पडली का रे?"

"नाही काका, चालू आहे. मीच सोडली."

"तू सोडलीस? कंपनीला?"

भाचा हसत आत गेला. सावंत पेढा हातात धरून बसून राहिला आणि जरा वेळाने मला म्हणाला, "बाई, असं पण करता येतं, हे आपल्याला कुणी बोललंच नाही."

*

भोईरची गोष्ट निराळी. आम्ही कंपनीत गेलो, त्याच्याकडे कंपनी चालत आली. कोलशेतच्या खाडीकडेला त्याच्या बापाचं मिठागर होतं. जागा कंपनीत गेली आणि मुलाला कंपनीत नोकरी लागली. कंपनी बंद पडल्यावर तिथे टॉवर उभे राहिले. भोईरने दुसरी एक जमीन विकली आणि हौसेने त्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलेलो. बिल्डरचा माणूस बाल्कनीत उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, "क्रीक व्ह्यू आहे, सर. एकदम फ्रेश हवा!"

भोईर कठड्याला रेलून उभा होता. म्हणाला, "व्हय रं. याच हवेत आमच्या प्लांटवरचं दोघं मेलं."

बिल्डरचा माणूस जेवायला थांबला नाही.

*

दातारसाहेब एमएस्सी. बोलणं एकदम शुद्ध, इस्त्रीचा शर्ट, प्लांटवर शिवी देतानासुद्धा "अहो" म्हणणारा माणूस! कंपनीला कुलूप लागलं तेव्हा पन्नाशीचे होते. त्या वयात कोण घेणार? शेवटी पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करायला लागले. खांद्याला बॅग, गळ्यात आयकार्ड, बाळकुम ते घोडबंदर पायपीट.

एका फ्लॅटचं दार उघडलं तर समोर आमच्या जनरल मॅनेजरांची बायको. कंपनीच्या दर वार्षिक समारंभात हिने दातारसाहेबांच्या हातात बक्षीस दिलेलं, बेस्ट शिफ्ट म्हणून!

बाई निरखून बघत म्हणाली, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो."

साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "कंपनीत, वहिनी."

"हो, मी कंपनीचाच माणूस पाठवा म्हणून सांगितलेलं. लोकल लोक काहीही करून ठेवतात. चपला बाहेर काढा."

साहेबांनी चपला बाहेर काढल्या, फिल्टर साफ केला, पाण्याची चवसुद्धा घेऊन दाखवली. हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. नंतर मला स्वतःचाच राग आला.

*

आणि पाटणकर! स्टोअरमधला. सुपारीसुद्धा न खाणारा. गेटला कुलूप लागल्यावर पोरं संध्याकाळी स्टेशनजवळच्या बारमध्ये बसायला लागली, आणि हा त्यांच्याबरोबर जायचा. "मी घेत नाही रे, नुसती कंपनी देतो," म्हणायचा. पुढे शेंगदाण्याच्या जोडीला थोडी घ्यायला लागला. मग पोरं यायची बंद झाली, कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाला गेलं, तरी हा त्याच टेबलावर एकटा बसलेला दिसायचा. लिव्हरने गेला.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी आम्ही सगळे जमलेलो. विधी आटोपला तशी त्याची म्हातारी आई उठली आणि पुरुष उभे होते तिकडे गेली. आवाज चढवला नाही की रडली नाही. एवढंच विचारलं, "माझ्या पोराला कंपनी देणारे यातले कोण कोण?"

पंधरावीस जण होते. जो तो नदीकडे बघायला लागला.

*

सावंतचा स्वतःचा किस्सा यंदाच्या उन्हाळ्यातला. चार पावलं टाकली तरी धाप लागायची, तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन आणायला सांगितलं. दुकानात मी आणि वहिनी त्याच्याबरोबर होतो. दुकानदाराने दोन मशीनं काढून दाखवली आणि म्हणाला, "हे लोकल. आणि हे कंपनीचं."

वहिनी किमती विचारायला लागल्या. सावंतने त्यांना हाताने थांबवलं. श्वास घेत घेत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "कंपनीचं द्या. घेताना पण कंपनीनेच घेतलाय माझा श्वास."

दुकानदार हसला. त्याला वाटलं, पेशंट मजेशीर आहे!

*

आता शेवटचा.

आमच्या प्लांटवर एक नियम होता. रिअ‍ॅक्टर चालू असताना ऑपरेटरने जागा सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे त्याचा रिलीव्हर, येईपर्यंत थांबायचं. रिलीव्हरने आकडे ऐकायचे, एकेक करून तोंडाने परत म्हणायचे आणि शेवटी म्हणायचं, "घेतलं." ते ऐकलं की पहिल्याने घरी जायचं. रिलीव्हर आला नाही तर सरळ पुढची पाळीही करायची. कुणाच्या घरी मयत झालेलं असलं तरी नियम हाच, कारण रिअ‍ॅक्टर सोडला तर कोलशेत उडायचं.

सावंतचा रिलीव्हर भोईर. सगळ्या प्लांटमध्ये याचंच घर सगळ्यात जवळ आणि सगळ्यात उशिरा येणाराही हाच! सावंत वीसेक वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडत थांबला, पण जागेवरून हलला नाही.

त्या दुपारी आम्ही टपरीवर असताना वहिनी खाली आल्या. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. सरळ भोईरसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मुलगा आला, सून आली, गंगा झाली, तुळस झाली. हे सारखे दाराकडे बघून एकच विचारतात, 'भोईर आला का?' तुम्हाला बघवत नाही ते मला कळतं. पण चला."

भोईर उठला. जिन्यावर दातारसाहेबांनी त्याचा दंड धरला होता.

सावंतने त्याला दारात बघितलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला. "किती उशीर रे, भोईर!"

भोईर जागीच थबकला. मग पुढे झाला, स्टूल ओढून कॉटशी बसला आणि प्लांटवर बसायचा तसा गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "आयलू रं. बोल. काय चाललंय?"

"टेम्परेचर ऐंशी."

"ऐंशी."

"प्रेशर दोन."

"दोन."

"खालचा व्हॉल्व्ह गळतोय. जोरात आवळू नको."

"गळतोय. नाय आवळत."

सावंतला धाप लागली. मुलगा मास्क लावायला पुढे आला, त्याला त्याने मानेनेच नको म्हटलं. मग वहिनींकडे बोट केलं.

"ही कालपासून जेवलेली नाही."

भोईरने वहिनींकडे बघितलं. सावंत वाट बघत राहिला, कारण आकडा परत म्हटल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

"वहिनी..." भोईर कसंबसं म्हणाला, "वहिनी कालपासून जेवलेल्या नाय."

"घेतलं?"

"घेतलं. जा आता तू."

सावंतचे हात, इतके दिवस चादर ओढणारे, चादरीवर पडून राहिले. त्याने दाराकडे बघायचं थांबवलं. संध्याकाळी तो गेला. वहिनी मोठ्याने रडल्या नाहीत, नुसत्या त्याच्या कपाळावरून हात फिरवत बसल्या.

मुलगा खालचे सोपस्कार करायला गेला. मी वहिनींना कॅन्टीनमध्ये नेऊन समोर बसून दोन घास खायला लावले. परत आले तर वॉर्डबॉय सावंतला न्यायला आलेले, आणि भोईर अजून त्याच स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून.

दातारसाहेब वाकून हळूच म्हणाले, "भोईर, चला. खाली जाऊन चहा घेऊ."

भोईरने मान वर केली नाही.

"तुमी व्हा पुढं, साहेब. माझा रिलीव्हर कुठं आयलाय अजून?"