बायोडाटातला छंद आणि जांभळा रोबोट

बसा, चहा सांगितलाय. मघाशी तुम्ही विचारलंत ना, दुकानात देवीच्या फोटोशेजारी तो जांभळा रोबोट कशाला ठेवलाय म्हणून? कुठल्या तोंडानं सांगू हो? चार वर्षं लपवलं, आता लपवायची पण ताकद राहिली न्हाय. माझ्याइतका गाढव माणूस अख्ख्या तुळजापुरात सापडायचा न्हाय, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझं हे झेरॉक्सचं दुकान मंदिराच्या रस्त्याला. फॉर्म, फोटो, लॅमिनेशन सगळं होतं, पण जास्त चालतात ते लग्नाचे बायोडाटे. बरीच माणसं बायोडाटा काढला की पहिली प्रत देवीपुढं ठेवतात, हळदकुंकू लावतात, मगच बाकीच्या प्रती पाव्हण्यांत वाटतात. म्हणून बायका दर्शनाच्या रांगेत आणि घरातला एक जण माझ्या काउंटरला, असं चालतं. नवरात्रात तर गिऱ्हाईकाचं तोंड बघायला पण सवड नसते. कागद घ्यायचा, आधीच्या माणसाची फाईल उघडायची, नाव-गाव बदलायचं, प्रती हातात द्यायच्या.

दुसऱ्यांची लग्नं टाईप करता करता मी एकतीस वर्षांचा झालो. अकरा ठिकाणी नकार. मुलगा काय करतो, झेरॉक्स काढतो, म्हटलं की पोरीचा बाप एकदम पावसापाण्याचं बोलायला लागायचा. आईनं तर शेजारणींकडं जायचं सोडलं होतं.

बाराव्या वेळी मामानं मोबाईलवर एका बायोडाटाचा फोटो पाठवला. खालून जरा कापलेला होता, पण मजकूर दिसत होता. मुलगी बेंबळीची, नाव प्रतीक्षा, शिक्षण बी.एस्सी. बाकी सगळं नेहमीचं. आणि छंदाच्या पुढं लिहिलेलं, अ‍ॅनिमे बघणे.

मी मामाला फोन लावला. म्हटलं, मामा, हे अ‍ॅनिमे काय असतंय?

"ते मला काय म्हाईत?" मामा म्हणाले. "तू शोध, बघ, पाठ कर. तिथं तोंडाला कुलूप लावून बसू नको. ही पोरगी हातची गेली तर म्या परत कुठं येणार न्हाय, आत्ताच सांगतो."

शोधलं तर जपानी कार्टून निघालं, आणि तेही शेकड्यानं. त्यातलं मी एक निवडलं. चित्रावर पुढं जादूगार पोरगा होता, मागं डोंगराएवढा रोबोट होता. वाटलं, एकाच मालिकेत दोन विषय उरकतील. धंद्याची सवय, कागद एकच, छपाई दोन्ही बाजूंनी.

पहिला भाग बरा होता, खोटं कशाला बोलू. पोरगा मंत्र म्हणतो, जमीन फाटते, आतनं रोबोट वर येतो. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या भागापासून मात्र त्या पोरानं नुसतं बोलायलाच घेतलं. मंत्राला तीन मिनिटं, मैत्रीवर भाषणाला सात मिनिटं, आणि तोवर समोरचा राक्षस बिचारा हात वर करून उभा. बरं, रोबोट हाय तर मंत्र कशाला? मंत्रानं भागतंय तर एवढं लोखंड कशाला पोसायचं? सहाव्या भागात रोबोट चिखलात रुतला तो अकराव्या भागापर्यंत तिथंच. आपल्याकडं उसाची ट्रॉली फसली तर चार माणसं येऊन तासाभरात काढतात हो.

चोवीस भाग होते. चोवीसच्या चोवीस बघितले, वहीत नावं लिहून काढली. शेवट काय, तर हे सगळं त्या पोराला पडलेलं स्वप्न होतं, आणि खरं काय ते पुढच्या सीझनमध्ये. मी मोबाईल उशीखाली सारला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

बेंबळीला पोहे झाले, चहा झाला. मोठी माणसं म्हणाली, दोघं गच्चीवर जाऊन बोला. वर गेलो. गच्चीवर वाळत घातलेली मिरची, आणि कोपऱ्यात ती उभी. काही सुचेना, तेव्हा मी सरळ मालिकेवरच सुरू केलं. त्या रोबोटचं, त्या मंत्रांचं इतकं कौतुक केलं की बनवणाऱ्यानं पण केलं नसेल.

ती क्षणभर माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "व्हय, मला पण आवडतं."

"कुठला भाग जास्त?"

"शेवटचा."

माझा जीव भांड्यात पडला. आता तुम्हीच सांगा, तो शेवट आवडणारं माणूस या जगात असेल का? तिथंच कळायला पाहिजे होतं. पण अकरा नकार पचवलेल्या माणसाची अक्कल ती किती चालणार?

दोन दिवसांत होकार आला. आई देवीपुढं बसून रडली. मामानं मात्र तिकडं सासऱ्यांना सांगून टाकलं की आमच्या पोराला त्या मालिकेचं लई वेड, पोरीची आवड नेमकी जुळली. झालं! सासरचा मान असतो ना, जावयाला आवडतं म्हटल्यावर ती माणसं मागं सरत न्हायत.

लग्नात रुखवत बघायला गेलो तर मधोमध अडीच फुटी रोबोट. प्रतीक्षाच्या मावशीनं केलेला. शंकरपाळ्याचं अंग, करंजीचे कान, सुपारीचे डोळे, हातात जादूची काडी म्हणून चिरोटा खोचलेला. गुरुजींनी विचारलं, हा कुठला अवतार? कुणाला सांगता येईना, तर त्यांनी आपल्या दोन अक्षता त्याच्यावर पण टाकल्या.

पुढं धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून जेवायला बोलावलं. पुरणाचे धोंडे, तूप, पंचपक्वान्न. जेवण झाल्यावर आडवं व्हायला कुठं जागा मिळते बघत होतो, तर सासऱ्यांनी माझ्यासाठी टीव्हीवर तीच मालिका लावली. स्वतः टोपी घालून, कीर्तनाला बसावं तसं ताठ बसले. मधेच म्हणाले, "पाव्हणं, हे चिखलातनं कवा निघायचंय?" मी म्हटलं, पाच भाग थांबा. निघताना वाणात हा जांभळा रोबोट मिळाला, आणि सासरचा मान म्हणून दुकानात देवीशेजारी बसला.

घरी तर दर रविवारी दुपारी नेमच. ती भाकऱ्या उरकून यायची, मी शटर ओढून यायचो, आणि आम्ही दोघं जोडीनं बसायचो. संपलं की परत पहिल्यापासनं. दुसरा सीझन आला, परत चोवीस भाग, तो पहिल्याहून वाईट. त्यात रोबोटला मन आलं, आणि ते पण बोलायला लागलं. मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो. ती माझ्याकडं बघून हसायची, मी तिच्याकडं बघून हसायचो. लई दमलो होतो हो. पण सांगायचं कसं? ही बाई मला हो म्हणाली ती याच एका आवडीपायी. तेच खोटं निघालं, तर खाली राहिलं काय? झेरॉक्सवाला!

गेल्या महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, तिसरा सीझन येतोय म्हणं. छत्तीस भाग.

माझ्यातलं काहीतरी संपलं. म्हटलं, "प्रतीक्षा, मला ते आवडत न्हाय. पहिल्यापासनं न्हाय. तू हो म्हणावीस म्हणून बघितलं होतं."

हातातला रिमोट तिनं हळूच खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून बॅग भरते.

"अहो," ती म्हणाली, "मग मी चार वर्षं कुणासाठी बघतीय?"

तिनं सगळं सांगितलं. गच्चीवर मी त्या मालिकेचं नाव घेतलं तेव्हा ते खायचं असतंय का नेसायचं, हे पण तिला माहीत नव्हतं. माणूस इतका जीव तोडून सांगतोय, साधा दिसतोय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून व्हय म्हणाली. शेवटचा भाग म्हटलं की कुठंही खपतं, म्हणून शेवटचा. मग लग्न ठरल्यावर बिचारीनं पण चोवीस भाग पुरे केले.

मी म्हटलं, अगं पण तुझ्या बायोडाटात छंद लिहिला होता की!

तर ती म्हणाली, मी बाबांकडं कागद दिला होता त्यावर भरतकाम लिहिलं होतं. आम्ही बायका दर्शनाच्या रांगेत होतो, बाबा नवरात्राच्या गर्दीत कुठल्यातरी दुकानातनं टाईप करून घेऊन आले. त्या टाईपवाल्यानं आधीच्या कुणाचं तरी तसंच ठेवलं.

माझं डोकंच फिरलं. चार वर्षं! अठ्ठेचाळीस भाग! सगळं कुणामुळं, तर एका हलगर्जी माणसानं एक ओळ बदलली न्हाय म्हणून. मी उभाच राहिलो. म्हटलं, असल्या लोकांमुळं आमचा धंदा बदनाम होतो. लोक आयुष्याचा कागद हातात देतात, आणि ह्या माणसाला वाचायला काय होतं? कुठलं दुकान ते फक्त सांग, आत्ता जाऊन त्याची गचांडी धरतो.

ती शांतपणे उठली. कपाटातून देवीपुढं ठेवलेली ती पहिली प्रत काढली. हळदीनं पिवळी पडलेली, पण अख्खी, खालून न कापलेली. तिनं पण ती तळापर्यंत कधी वाचली नसावी, कारण वाचता वाचता तिनं पदर तोंडाला लावला, आणि कागद माझ्या हातात दिला.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, माझ्याच दुकानाचं नाव होतं. आणि त्याखाली मी प्रत्येक कागदावर टाकतो ती ओळ, 'अचूक टायपिंग हीच आमची ओळख.'

"जावा की," ती म्हणाली, "भांडून या."