चौथ्या शुभवर्तमानाचे मास्तर

वाचता वाचता मास्तर पानावर बोट ठेवायचे, मान वर करायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचे, "आता सांगा, हा स्वतःला कोण म्हणवतो?"

समोर बहुतेक वेळा मीच असायचो. दुसरं कोणी त्यांच्याजवळ फारसं बसत नसे.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. आम्ही दोघंही मिशनच्या शाळेत शिकवत होतो. ते मराठी, मी चित्रकला. ते मूळचे गडहिंग्लजचे, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरचे. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि घर तुटलं. मी मुसलमान. आमच्या घरी देवाला रूप नाही, बाप नाही, लेक नाही. त्यामुळं त्यांचा प्रश्न माझा नव्हता. पण माणूस मनापासून विचारत असला की उठून जाववत नाही. तुमचंही कधीतरी असं झालं असेल.

त्यांची खोली आमच्याच गल्लीच्या टोकाला होती. जुन्या जातीतले लोक समोर दिसले की पलीकडच्या बाजूनं जात. नव्या जमातीतल्या लोकांना त्यांच्या प्रश्नांचा कंटाळा आला होता. भाकरी ते स्वतः थापायचे. ती नेहमी एका बाजूला करपायची आणि ते ती बाजू आधी खायचे. "वाईट ते अगोदर संपवावं, ड्रॉइंग मास्तर," म्हणायचे.

येशूच्या चरित्राची शुभवर्तमानं चार, पण मास्तर चौथंच वाचायचे, योहानाचं. का, असं मी एकदा विचारलं.

"दुसरे लिहिणारे येशूचा बाप-आजा सांगतात, गाव सांगतात," ते म्हणाले. "योहान एकदम जगाच्या आधीपासून सुरुवात करतो. सगळ्याच्या आधीचा तो. आणि मग बघतोय तर काय, दुपारच्या उन्हात दमून विहिरीवर बसलाय आणि परक्या जातीच्या बाईकडं पाणी मागतोय. ती म्हणते, तुम्ही आमच्या हातचं कसं पिणार? आता हा देव म्हणायचा की तहानलेला माणूस?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी दोन्ही म्हणतो. पण दोन्ही एका जागी कसं राहतं, ते समजत न्हाय."

शाळेचे गोरे साहेब त्यांना पाटीवर ग्रीक अक्षरं शिकवत. शिकता शिकता मास्तरांना एक गोष्ट सापडली. मराठीत जिथं येशू ‘मी तो आहे’ म्हणतो, तिथं मूळ भाषेत ‘तो’ नाहीच. नुसतं ‘मी आहे.’ त्या दिवशी ते आमच्या दारात धापा टाकत आले आणि त्यांनी कडी वाजवली.

"कोण?" आतून माझी आई म्हणाली.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

मास्तर इतके खूश झाले की आत यायचंच विसरले. "बघितलंत? जो ओळखतो त्याला ‘मी’ पुरतं. जो ओळखत न्हाय त्याला नाव-गाव सगळं लागतं!" आईनं मला विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना.

मराठीतही नुसतं ‘मी आहे’ ठेवावं, हे साहेबांना मात्र पटलं नाही. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं. "मास्तर, केवळ ‘मी आहे’ असे वाक्य अपुरे वाटेल."

"अपुरं न्हाय वाटत, साहेब. आमी रोज असंच बोलतो."

एका रविवारी साहेबांनी त्यांना प्रार्थनेनंतर बोलायला उभं केलं. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना बोलावणं होतं, म्हणून मीही मागं बसलो होतो. मास्तरांनी सरोवरावरची गोष्ट घेतली. काळोख, सुटलेला वारा, नावेतली घाबरलेली माणसं, आणि पाण्यावरून कोणीतरी चालत येतंय. बोलता बोलता ते स्वतःला विसरले आणि घरच्या बोलीवर आले. "तवा तो काय म्हणाला? नाव न्हाय सांगितलं, गाव न्हाय सांगितलं. म्हणाला, मी हाय की! भिताय कशाला?"

कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. मास्तर थांबले, हसणाऱ्यांकडं पाहत राहिले आणि पुढचं न बोलताच खाली बसले.

"पवित्र वचन बाजारात नेऊ नये," साहेब बाहेर पडताना म्हणाले. त्यांनी मास्तरांना पुन्हा कधी उभं केलं नाही. मास्तरांनीही त्यानंतर पाटी घेऊन साहेबांकडं जाणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात गडहिंग्लजचा एक गुळाचा व्यापारी शाळेत आला आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची अव्वा लई थकलीया. डोळ्यांनी काय दिसत न्हाय आता." अव्वा म्हणजे आई; मास्तरांच्या घरी कानडी बोलत. मास्तर दिवसभर वर्गात चुकीची कविता शिकवत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "याल का बरोबर? मला एकट्याला दारापर्यंत जाता येणार न्हाय."

बैलगाडीनं गेलो. घर पेठेत होतं. त्यांचा भाऊ दुकानात गेला होता, दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर पायरीपाशी उभे राहिले. त्यांना हाकच मारवेना. आतून आवाज आला, "यार?" कोण, म्हणून.

मास्तर एक पायरी वर चढले.

"यार अदु?"

"नान, अव्वा," ते म्हणाले. मी, आई.

मग भिंत चाचपत म्हातारी दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. तिनं त्यांना आत बोलावलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. कानडीत काहीतरी विचारलं. मास्तरांनी पाणी मागितलं.

ती वळली, तांब्या घेऊन आली. मास्तर पायरीवर उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. बाटलेल्या माणसाला वरून ओततात तसं तिनं वरून पाणी ओतलं. पण दिसत नव्हतं तिला. सगळं पाणी पायरीवर सांडलं. तिनं पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. मग म्हातारीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला, वाकली, हवेत हात फिरवत त्यांची ओंजळ शोधली आणि खालून आपल्या तळव्यानं घट्ट धरली. तशीच धरून तिनं पाणी ओतलं. मास्तर प्यायले. प्यायल्यावरही तिनं हात सोडला नाही. मी तोंड फिरवून रस्त्याकडं पाहत उभा राहिलो.

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं आईला हलकेच आत नेलं आणि दारात परत येऊन म्हणाला, "पावणं, निघा आता. वाट लांबची हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मास्तरांनी मान हलवली आणि निघाले.

पावसाळ्यात अव्वा गेली. मास्तरांना ते तेरावा उलटल्यावर त्याच गुळाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. त्यानंतर लवकरच ते साहेबांना भेटले आणि आजऱ्याच्या नव्या लहान शाळेवर बदली मागून घेतली. मी खूप समजावलं.

"इथं सगळे मला ओळखतात आणि बोलत न्हाईत," ते म्हणाले. "तिथं निदान ओळखतच नसतील."

तिथून ते कधी आले नाहीत. मग एका वर्षी तापाची मोठी साथ आली. घराघरांतली माणसं गेली. आजऱ्याकडून निरोप आला तेव्हा मास्तरांना पुरूनसुद्धा झालं होतं. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो. ज्या घरात ते जेवायला होते त्या घरची बाई मला भाताच्या खाचराच्या कडेला घेऊन गेली. मातीचा उंचवटा होता, त्यावर गवत उगवायला लागलं होतं.

"लई तरास झाला का त्यांना?" मी विचारलं.

"ताप डोक्यात गेलता," ती म्हणाली. "शेवटी शेवटी सारखं बोलत हुतं. सगळं कानडीत. आमच्यात कुणालाच कानडी येत न्हाय. काय इचारतेत त्येबी कळंना."

"मग?"

"मग काय करणार? माझी सासू आन् मी पाळीपाळीनं शेजारी बसत हुतो आन् नुसतं ‘व्हय, व्हय’ म्हणत हुतो."

खाचरात पाणी भरलेलं होतं. ती बांधावरून पुढं झाली आणि मी तिच्या मागून चालू लागलो.