कौसल्याच्या खाटेभोवतीचे पतंग

कडूबा आमच्या बदनापूरच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर लागला, तेव्हा मीही तिथं नवीनच होते. कपाशीत कामगंध सापळे टांगायचं काम त्याचं. सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे रबराच्या गोळीला, बोंडअळीच्या मादीचा वास असतो. नर पतंग त्या वासामागं येतो आणि अडकतो. बावीस वर्षं तो हेच करत आलाय, आणि या बावीस वर्षांत माझ्याशी बावीस वाक्यं बोलला असेल तर शपथ! घरी बोलायला बायको होती, कौसल्या. ती दोघांच्या वाटचं बोलायची.

त्याच कौसल्याचे शब्द दिवाळीच्या आधी चुकायला लागले. मिरची म्हणायला जावं तर तोंडून मीठ निघायचं. संभाजीनगरला डोक्याचा फोटो काढला. बोलीच्या जागेला लागूनच गाठ होती. डॉक्टरांचं नीट समजावं म्हणून कडूबानं मला सोबत नेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, या गाठीच्या पेशी एका जागी बसत नाहीत. आसपासच्या पेशी रासायनिक निरोप सोडतात, आणि त्या निरोपामागं या पेशी चांगल्या मेंदूत शिरतात. लवकर ऑपरेशन केलं तर बरीच गाठ निघेल, सगळी नाही. आणि काढताना वाचा जाऊ शकते.

कडूबानं माझ्याकडं पाहिलं. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "आपल्या ल्यूरसारखंच आहे, कडूबा. वासामागं जातात." तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"मंग साहेब," तो डॉक्टरांना म्हणाला, "सगळ्या रानात त्योच वास भरला, तर नर भांबावून जातो. त्याला मादी घावतच न्हाई. तसं डोक्यात न्हाई का करता येत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "निरोप अडवणारी औषधं शोधतायत, बाबा. अजून भरवशाचं काही हाती नाही."

'शोधतायत' एवढंच त्यानं ऐकलं. संमतीच्या कागदावर सही न करता तो तिला घरी घेऊन आला.

चार दिवसांनी, दिवस मावळल्यावर, मी तणतणतच त्याच्या घरी गेले. कपाशी फुटून पांढरीशुभ्र झाली होती. अंधार पडला तरी रान उजळल्यासारखं वाटत होतं. अंगणात खाटेवर कौसल्या पडली होती. खाटेच्या चारी पायांना आणि उशाच्या दोरीला त्यानं फेकायला काढलेल्या ल्यूर बांधल्या होत्या. आणि पतंग आले होते! करडे, नखाएवढे, मोजता न येण्याइतके. तिच्या केसांवर, पदरावर, उघड्या तळहातावर बसत होते, उठत होते, कुणाला शोधतोय ते विसरल्यासारखे भिरभिरत होते. भांडायला आलेली मी उभीच राहिले. वाटलं, हे असंच चालू राहिलं तर काहीच पुढं सरकणार नाही. अंधारही नाही, गाठही नाही.

"हे औषध न्हाई, मला ठावं हाय," कडूबा म्हणाला. "पण हिची बोली गेली तर घरात बोलंल कोण?"

कौसल्या हसली. एकेक शब्द वेचत म्हणाली, "अवो, मी काय कपाशी हाय का? गाठ पांगायच्या आदी काढू द्या डाक्टरला. बोली गेली तर तुमी बोला. मी ऐकीन."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टर तिची बोली तपासायला आले. कडूबाकडं बोट दाखवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे कोण? नाव सांगा." कौसल्या गप्प. पुन्हा विचारलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कडूबा भिंतीला टेकला.

तेवढ्यात मला तिचा हात दिसला. पट्टी बांधलेल्या डोक्यावर ती पदरासारखी चादर ओढायला धडपडत होती.

अगं बाई! लग्नात उखाण्यातून नाव घेतलं असेल तेवढंच. एरवी या बाईनं नवऱ्याचं नाव जन्मात कधी घेतलंय? मी कडूबाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

कौसल्यानं दार नीट लागल्याची खात्री केली. मग हळू, पण एक अक्षर न चुकता म्हणाली, "कडूबा."

डॉक्टर हसले. मी मात्र रडले. आत राहिलेल्या पेशी कधी कुठं निघतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हे नाव शाबूत होतं.

दार उघडलं. "बोलली का वो?" कडूबानं दारातूनच विचारलं.

"बोलली."

"काय म्हन्ली?"

मी आत पाहिलं. कौसल्या डोळे वटारून मान हलवत होती, सांगू नका म्हणून.