पानमळ्याचा विटाळ

रोहण्याचे रूपरावजी पिढीजात बारी, विड्याच्या पानांचा मळा राखणारे. पानमळ्यात शिरताना चपला बाहेर, तोंडात तंबाखू नाही, आणि विटाळशी बाईनं तर कुंपणाजवळही फिरकायचं नाही. नागवेल त्यांच्या लेखी देवी होती, आणि देवीपेक्षा जरा जास्तच मिजासखोर. सुनेच्या तब्येतीची चौकशी ते सणासुदीला करायचे. वेलीची मात्र उठता-बसता.

एकोणीसशे पन्नास सालानंतर वेलीचं बिनसलं. तळहाताएवढी येणारी पानं वर्षागणिक आखडत गेली, जाड आणि तिखट झाली. माघातलं दव नाहीसं झालं होतं. चैत्रातला तापलेला कोरडा वारा फाल्गुनातच सुटायचा, आणि सावलीसाठी लावलेली शेवरी त्या वाऱ्यात पानं टाकून मोकळी व्हायची. वेल बिचारी अंग चोरून जगत होती. रूपरावजींना हे सगळं दिसत होतं. पण हवेला बोल लावून करायचं काय? बोल लावायला घरातलं माणूस सोपं.

आणि ते सापडलं. त्यांची सून कांता विटाळशी असताना सुटलेल्या शेळीमागे धावत मळ्यात शिरली होती. तिनंच भाबडेपणानं सांगितलं. रूपरावजींनी तिला आंजीला माहेरी नेऊन घातलं. "वेल सावरली का नेईन," म्हणाले. मुलगा मधू मान खाली घालून उभा राहिला. बापापुढे बोलायची त्याची छाती नव्हती.

वेल सावरली नाही. पुढचा उन्हाळा आणखी कडक निघाला. रूपरावजींनी पूजा घातली, मोट जास्त वेळ चालवली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे आडोसे बांधले. काहीच लागू पडलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अख्खा मळा खराट्यासारखा उभा राहिला. आता त्यात शिरायला कुणालाच मनाई नव्हती. म्हातारा ढसाढसा रडला, आणि त्यानं आंजीची वाट धरली.

कांता ओसरीवर डाळ पाखडत होती. सासऱ्याला पाहून तिनं पदर सावरला.

"पोरी, तुह्यानं काई नाई झालं. हवाच पालटली. घरी चाल."

"तुमाले कसं समजलं, मामाजी?"

"सारा मळा जळला. तू तं तिथं नव्हतीच."

कांतानं सूप खाली ठेवलं. "आन मी गेल्यावर वेल फुटली असती, तं जलमभर मीच पापीण राह्यली असती नाई?"

रूपरावजी ओसरीच्या कडेला टेकले. ती पुन्हा डाळ पाखडू लागली. त्यांना तिथं बसवत नव्हतं, आणि उठवतही नव्हतं.