विलायती हातमोजे

डॉक्टरांनी रबरी हातमोजे माझ्यापुढं धरले. पिवळे, नवेकोरे. म्हणाले, "घाल. तिकडं मीसुद्धा हेच घालून करतो. यात कमीपणा नसतो."

माझ्या मागं, शेडच्या कुडाआड बालवाडीची लेकरं उभी. मी त्यांची बाई. समोर मालकाच्या परसातला तुंबलेला संडास.

हे डॉक्टर म्हणजे गावच्या जमीनदार मालकाचे धाकटे भाऊ. विलायतेत दवाखान्यात नोकरीला. बोरीच्या पुढं आमचं गाव, तिथं ते लय वर्षांनी महिनाभर राहायला आले होते. त्यांच्यासाठी मालकानं मुद्दाम खुर्चीसारखा बसायचा संडास बांधून घेतला. गावात पहिलाच. गवंड्यानं जन्मात तसला बघितलेला नव्हता. पायपाला उतारच दिला नाही. पंधरा दिवसांत तुंबला.

त्याच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी शाळेत मशिनीतून भिंतीवर चित्रं दाखवली होती. धनगराच्या घोंगड्या आणून खिडक्या झाकल्या. सगळं गाव आलं. आम्ही वस्तीतले दारापाशी, आमच्या नेहमीच्या जागी. भिंतीवर विलायत. बससाठी माणसं पावसात रांग लावून उभी, कुणी कुणाला ढकलत नाही. डॉक्टरांची बायको दुकानातल्या मशिनीत कपडे टाकून पेपर वाचत बसलेली. रविवारी डॉक्टर अन् गल्लीतला कचरा उचलणारा, दोघं एका टेबलावर बियर पितात. "तो मला नावानं हाक मारतो," डॉक्टर म्हणाले. अन् मग हातात ब्रश, स्वतः संडास घासताना डॉक्टर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी माय कानात म्हणाली, "तितं जलम पायजे होता बाई आपला."

मला लय आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मी लेकरांना रांगेत उभं केलं. म्हणलं, विलायतेत असंच असतं. खाऊची सुकडी मात्र मालकाच्या घरची बाईच वाटायची. माझ्या हातची लेकरांना चालत नव्हती. लेकरांना चालायची, त्यांच्या आयांना नाही. बालवाडी भरायची मालकाच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये. पगार पंचायतीचा, जागा त्यांची.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. वस्तीतली पोरं परभणीला मोर्चाला जाऊन आली, गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाली. तवापासून गाव आमच्यावर डूख धरून होतं. कुठं कुठं वस्त्या जळाल्या ते रोज कानावर यायचं. त्यामुळं संडास तुंबला तेव्हा वस्तीतला एकही गडी गेला नाही. मग मालकाला मी आठवले. माझी शेड त्यांच्या हातात होती ना.

सांगावा घरी आला तवा बाप दारातच खाली बसला. "जाय माय. एकडाव कर. घरं जाळतेत हे लोकं." तिसऱ्या खेपेला सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाप कधी रडला नव्हता. मी गेले.

डॉक्टर वाईट बोलले नाहीत हो. तेच तर. मालकानं शिवी दिली असती तर मी तिला ओळखलं असतं, लहानपणापासून ऐकत आले. हे गोड बोलत होते. "तू शिकलेली आहेस. श्रमाला लाजायचं नसतं. तिकडं कुणीच लाजत नाही." सांगा, काय बोलायचं होतं मी? त्यांचं वाक्य बरोबर होतं. फक्त बांबू माझ्या हातात होता अन् ते नाकाला रुमाल लावून चार हात लांब होते.

मी हातमोजे घातले. बांबूनं ढोसलं, बादल्या ओतल्या, हातानं काढलं. हो, काढलं. दोनदा ओकले. शेडच्या कुडाआडून लेकरं बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "बाई गू काढायलीय." सगळी हसली. चार वर्षांची लेकरं, त्यांचा काय दोष.

तेवढ्यात खट् आवाज झाला. वळून बघितलं, तर डॉक्टरांच्या डोळ्याला कॅमेरा.

"फोटो काढू नका, साहेब."

"अगं, तिकडं दाखवायला. आपल्या गावातल्या मुली किती पुढारल्या, बघू दे लोकांना."

अन् पुन्हा खट्.

अंगातलं रगत डोक्यात गेलं माझ्या. घाण काढली तवा नाही, तवा नुसती मेल्यावाणी झाले होते. पण ह्या फोटोत मी राजीखुशीनं उभी असलेली दिसणार होते. माझी लाज घेऊन हा माणूस तिकडं शाबासकी मिळवणार होता. मी हातमोजे ओढून काढले अन् त्यांच्या पायापाशी टाकले.

मालकीणबाई ओसरीवरून म्हणाल्या, "उद्या बी ये सकाळी. आणिक राहिलंय."

"उद्या तुमी करा."

बस, एवढंच बोलले. अन् तशीच वस्तीकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. पाट्या, चिंध्यांच्या बाहुल्या, तक्ता, सगळं बाहेर धुळीत. वस्तीतल्या लिंबाखाली बालवाडी भरवली, तर आमचीच पाच लेकरं आली. महिन्यानं पंचायतीचा कागद आला: पटसंख्या नाही, बालवाडी बंद. तालुक्याला जिंतूरला अर्ज दिले, तिथल्या साहेबांच्या दारात बसले. काही झालं नाही. मी खुरपायला जाऊ लागले. बाप वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. अन् तो फोटो? तो गेला तिकडं. त्याचं मी काय करणार होते?

काय मिळालं म्हणून विचारतात लोक. काही नाही मिळालं. नोकरी गेली ती गेलीच. पण माझ्या घरातलं माणूस आता कुणाच्या घाणीला हात लावणार नाही. दम द्या, पाया पडा, नाहीतर विलायतेचे दाखले द्या. न्हाई म्हणजे न्हाई. अन् का न्हाई, ते बी मी कुणाला समजावून सांगणार न्हाई.