अर्ध्या तिकिटाची मैफल

छापखान्यात टेबलाखाली दोन गोष्टी साचतात. एक कागदाची कात्रणं आणि दुसरे किस्से. संध्याकाळी झाडून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच ढीग! कात्रणं रद्दीवाला घेऊन जायचा. किस्से कुणी नेले नाहीत, ते माझ्याकडेच राहिले. आता मी खोलीत एकटाच असतो. आज तुम्ही आयते सापडलात, तर ऐकूनच जा. चहा हवा असेल तर आत्ताच सांगा, मध्ये उठू नका.

आमचा छापखाना महाल नावाच्या जुन्या वस्तीत, एका गल्लीच्या तोंडाशी होता. मी कंपोझिटर, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर सदूभाऊ. त्याच्या घरी पूर्वी हातमाग होते, ते बंद पडले म्हणून तो इकडे आला. पाय तिथंही चालत होते, इथंही चालतात, एवढंच तो त्याबद्दल बोलायचा. बायंडिंगला कमळाबाई, प्रुफं तपासायला एक रिटायर्ड गुरुजी आणि गल्ल्यावर मालक. कामं नेहमीचीच, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. वर्षातून एकदा, थंडीत, गावातल्या संगीत मंडळाची तिकिटं छापायला यायची. शाळेच्या पटांगणात मांडव घालून मोठ्या बुवांचं गाणं व्हायचं. बिल देताना मंडळ थोडी घासाघीस करायचं आणि बदल्यात दोन फुकट पास द्यायचं.

*

पहिल्या वर्षी पास आले तेव्हा रीतीप्रमाणे मालक आणि मालकीणबाई गेले.

आता मालकांची एक सवय होती. दुपारी जेवण झालं की गल्ल्यावरच त्यांचा डोळा लागायचा. मशीन खडखडत असेपर्यंत गाढ झोप. पण सदूभाऊनं कागद घ्यायला जरा पाय उचलला, की मालक डोळे न उघडता विचारणार, "मशीन काहून बंद केली गा?"

मांडवात त्यांना पहिली रांग मिळाली. बुवांनी आलाप सुरू केला आणि मालकांची मान छातीवर आली. गाणं रंगत गेलं, तशी झोपही रंगत गेली. मग बुवांनी एक लांबलचक तान घेतली, समेवर येऊन पोचले आणि क्षणभर सगळंच थांबवलं. तबला गप्प, पेटी गप्प, सगळा मांडव श्वास धरून बसलेला. त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला, "मशीन काहून बंद केली गा?"

पुढच्या वर्षीपासून मालकांनी पास आम्हाला देऊन टाकले. मालकीणबाई त्यांच्याशी किती दिवस बोलल्या नव्हत्या, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

*

दुसऱ्या वर्षी मान गुरुजींचा आणि कमळाबाईंचा. कमळाबाई नवी साडी नेसून, डब्यात चिवडा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तकं शिवत होत्या, पण सुई उगाच जोरात ओढत होत्या.

सदूभाऊनं विचारलं, "काहून वं बाई, गाणं नाही आवडलं काय?"

"आवडाचं काय त्याच्यात?" बाई म्हणाल्या. "तो बिचारा माणूस एवढा जीव तोडून रडून राहिला होता, आन् हे लोक वा वा करून राहिले होते. एकानं तरी उठून पाणी देलं का त्याले?"

पुन्हा त्या कधी गेल्या नाहीत. आम्ही सगळे हसलो होतो. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या मांडवात नीट ऐकणाऱ्या कदाचित त्या एकट्याच असाव्यात.

*

तिकिटाचा जुळवलेला मजकूर मी कधी मोडला नाही. दोऱ्यानं बांधून फळीवर तसाच ठेवायचो. दर वर्षी तारीख बदलायची, बुवांचं नाव बदलायचं आणि किंमत बदलायची. बाकी सगळं तेच. खालच्या ओळीत 'मूल्य रुपये अमुक फक्त' असं होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटं फूल.

किंमत एक आकडी होती तोवर सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग एका वर्षी ती दोन आकडी झाली आणि ओळीत जागा पुरेना. मी एक फूल काढलं. एकच फूल बरं दिसेना, म्हणून दुसरंही काढलं. मंडळाचे सेक्रेटरी समजावून सांगत होते, की बुवांचं मानधन वाढलं, आता बुवा सेकंड क्लासनं येत नाहीत, लाउडस्पीकर मुंबईहून आणावा लागतो. असेल. पुढे मंडळाला किमतीचे आकडे जरा ठळक हवे झाले, तेव्हा पुन्हा जागा अपुरी पडली. आता काढायला 'फक्त' एवढाच शब्द उरला होता.

मी सदूभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "काढ. तसाही तो आता खोटाच वाटून राहिला होता."

*

त्याच सुमारास दोन पासांचा एक पास झाला. तो सदूभाऊला आणि मला मिळून मिळाला. एका पासावर दोघं कसे जाणार? सदूभाऊ राहायचा दूर, कन्हानला. शेवटची बस गाठायची तर त्याला इंटरवलमध्ये निघावंच लागे. माझी खोली महालातच, मला कसली घाई नव्हती आणि घरी वाट पाहणारंही कुणी नव्हतं. म्हणून पहिला अर्धा सदूभाऊचा आणि दुसरा अर्धा माझा, असं ठरलं.

गेटवर तिकीट फाडून अर्धं हातात द्यायचे. इंटरवलमध्ये चहाला बाहेर आलेला माणूस ते अर्धं दाखवून परत आत जायचा. सदूभाऊ बाहेर यायचा, टपरीवर मी उभा असायचो. दोघं एक कप चहा अर्धा अर्धा प्यायचो. तो ते अर्धं तिकीट माझ्या हातात ठेवायचा आणि बसकडे पळायचा.

पहिल्याच वर्षी गेटवाल्यानं मला अडवलं. सदूभाऊच्या मिशा अशा भरघोस, की त्या आधी यायच्या आणि तो मागून. मी गुळगुळीत.

"भाऊ," गेटवाला म्हणाला, "बाहेर गेले तवा तुमाले मिशा होत्या."

सदूभाऊ अजून रस्त्यावरच होता. त्यानं तिथूनच सांगितलं, "चहा जास्तच गरम होता."

गेटवाला इतका हसला, की मागची रांग थांबली. त्यानंतर दर वर्षी तो मला आत सोडताना एवढंच विचारायचा, की आज चहा कसा होता. पुढे पास बंद झाले. मग आम्ही दोघं मिळून एक तिकीट विकत घेऊ लागलो, आणि गेटवाल्यानं तेही चालवून घेतलं.

*

गुरुजींची पेन्शन काही तिकिटाच्या मागे धावू शकली नाही. त्यांनी शाळेच्या कुंपणाबाहेर, दगडी कट्ट्यावर घोंगडी अंथरून बसायला सुरुवात केली. आम्हाला वर ज्ञान द्यायचे, की मांडवात लोक एकमेकांचे कपडे पाहतात, खरं गाणं बाहेर येतं.

एका वर्षी नेमकं शेजारच्या आवारात लग्न निघालं. वारा तिकडून इकडे. गुरुजी घोंगडी पांघरून बसले, आणि बुवांच्या आलापाऐवजी बँडवाल्यांची वरात ऐकून उठले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, गाणं कसं झालं?

गुरुजींनी प्रुफावरून नजर वर न करता सांगितलं, "नवरी गेली सासरी."

*

खरी मैफल आमची दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची. सदूभाऊ मशीनवर उभा राहून पहिला अर्धा सांगायचा. बुवा संथ गात होते म्हणताना त्याचा पाय संथ व्हायचा आणि गल्ल्यावर मालक चुळबुळ करू लागायचे. मग मी खिळे जुळवता जुळवता दुसरा अर्धा सांगायचो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघांचं मिळून एक गाणं पुरं व्हायचं.

एका वर्षी बुवांची गाडीच लेट झाली. पहिला अर्धा मंडळाच्या कुणा विद्यार्थ्यानं कसाबसा भरून काढला आणि बुवा आले ते इंटरवलनंतर. मला हे आत गेल्यावर शेजारच्यानं सांगितलं. तरी सकाळी सदूभाऊनं मला बुवांचा पहिला अर्धा सांगितला. कोणता राग, कुठे डोळे मिटले, कुठे तबलजीकडे पाहून हसले, सगळं. मी ऐकत राहिलो. जेवताना मात्र राहवलं नाही. म्हटलं, सदूभाऊ, बुवा तर इंटरवलनंतर आले ना?

"हो ना," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय वसंता? तू सकाळपासून वाट पाहून राहिला होता. तुले कोरा कागद देऊ काय?"

मी आयुष्यभर एकटा राहिलो. माझ्यासाठी कुणी काही खास राखून ठेवलं असेल, तर ते हे.

*

सदूभाऊनं आयुष्यात कधी मैफलीची भैरवी ऐकली नव्हती. ती शेवटी असते आणि तेव्हा तो बसमध्ये असायचा. तो मला विचारायचा, भैरवी लागली की लोक उठतात काय? मी सांगायचो, काही उठतात, सायकल काढायला. त्याला ते पटायचंच नाही.

आणि मी कधी सुरुवात ऐकली नव्हती. हार घालणं, तानपुरे लावणं, बुवांचा पहिला सा, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

शेवटी ठरवलं, एकदा तरी दोघांनी शेजारी शेजारी बसून सुरुवातीपासून भैरवीपर्यंत ऐकायचं. सदूभाऊ रात्री माझ्या खोलीवर झोपेल. त्याच्या घरी वहिनींनाही तसं सांगून ठेवलं. माझ्या खोलीत एका डब्यात दोघं थोडे थोडे पैसे टाकू लागलो. थंडी आली तेव्हा डब्यात दोन तिकिटांपुरते जमले होते. सदूभाऊनं माझ्याकडे एक सतरंजीसुद्धा आणून ठेवली.

मग सेक्रेटरी ऑर्डर घेऊन आले. मंडळानं आता नवा हॉल घेतला होता. पंखे, गादीच्या खुर्च्या आणि तिकीट जवळजवळ दुप्पट. मी फळीवरून मजकूर उतरवला, जुना आकडा काढला, नवा बसवला आणि सदूभाऊकडे दिला. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मग मशीनवर चढला. दिवसभर तिकिटं निघत होती. संध्याकाळी शेवटची रास कमळाबाईंकडे देताना तो म्हणाला, "मीच छापून राहिलो, आन् मलेच परवडून नाही राहिलं."

त्याही वर्षी एकच तिकीट घेतलं. टपरीवर अर्धा कप चहा, हातात अर्धं तिकीट, आणि तो बसकडे. पुढच्या वर्षी नक्की, असं आम्ही म्हटलं. पुढच्या वर्षी डब्यात भर पडली आणि आकडा पुन्हा आमच्या पुढे निघून गेला. सतरंजी घडी न मोडता माझ्याकडेच राहिली.

*

मग मालकांनी ट्रेडल विकली. तिकिटं आता दुसरीकडे, ऑफसेटवर, रंगीत छापून येऊ लागली. सदूभाऊ कन्हानला घरी बसला. छातीचं दुखणं होतंच. त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत तो गेला. मला कमळाबाईंकडून कळलं.

मी कन्हानला गेलो. वहिनी म्हणाल्या, "झोपेतबी पाय चालूच राहे जी त्याईचा." मी डबा सोबत नेला होता. सदूभाऊचा वाटा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ते पैसे परत डब्यात टाकून डबा माझ्याकडे सरकवला.

"गाण्याचे हायेत," त्या म्हणाल्या, "गाण्यालेच लावा."

घरी आल्यावर मला फार एकटं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. रोज सकाळी एखादी गोष्ट अर्धी तोंडात येते आणि पुढची अर्धी सांगायला समोर कुणी नसतं.

*

आणि हा शेवटचा किस्सा. त्याच थंडीतला.

मी डबा घेऊन मंडळाच्या कचेरीत गेलो. दोन तिकिटांसाठी साठवलेल्या सगळ्या पैशांत आता एक तिकीट येत होतं. घेतलं. गुळगुळीत रंगीत कागद, किमतीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा फुलं.

गाण्याच्या दिवशी धोतर बदललं, कोट घातला. हॉलसमोरच्या टपरीवर उभा राहिलो. एक कप चहा घेतला, अर्धा प्यायलो, अर्धा ठेवला. इंटरवल झाली. लोक बाहेर आले, चहा पिऊन परत जाऊ लागले. मी त्यांच्याबरोबर गेटवर गेलो आणि तिकीट पुढे केलं.

जुना गेटवाला आता नव्हता. नवीन तरुण होता, छातीला बिल्ला. त्यानं तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे तर फाडलेलंच नाही. अख्खं तिकीट हाय तुमच्यापाशी. एवढं महाग तिकीट घेऊन पहिला अर्धा बाहेर काहून बसले?"

मी म्हणालो, "पहिला अर्धा सदूभाऊचा असते."