दोन्ही बाजूंचं बिऱ्हाड

रत्नागिरीला किती दिवस राहावं लागेल हे आम्हाला कुणीच नीट सांगेना. वकील म्हणाले, "साक्षी संपेपर्यंत. चार दिवस धरा, आठ धरा." मी तोवर लांज्याच्या बाजारापलीकडे गेले नव्हते. सासूबाई तरुणपणी एकदा किल्ल्यावर भगवतीच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या, तेवढंच. आता त्याच शहरात आम्हाला बिऱ्हाड करायचं होतं, कारण माझा नवरा तिथल्या तुरुंगात होता आणि त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहत होता.

त्यानं आपल्या चुलत भावाला कोयत्यानं मारलं होतं. बांधावरचा फणस कुणाचा, यावरून दोन घरांत जुनी कुरबुर होती. भातकापणी संपल्यावर चुलत दिरांनी घराच्या तुळईसाठी तो फणस तोडायला घेतला. माझा नवरा गवत कापून त्याच वाटेनं येत होता. मी घरात होते. आरडाओरडा ऐकून धावले तेव्हा चुलत दीर शेतात पडलेले होते आणि त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, पेजेचं भांडं टाकून त्यांच्या उशाशी बसली होती. काय घडलं ते पाहणारी तीच एकटी.

खटला वैशाखात लागला. सासूबाईंचा भाऊ आमच्याबरोबर यायला तयार झाला. घरात दुसरा पुरुष उरला नव्हता. या मामांनी आधी एकटं जाऊन जागेची चौकशी केली. परत आले ते घाम पुसत ओटीवर टेकले.

"धर्मशाळेत तीन दिवसांवर ठेवीत नायत," ते म्हणाले. "आणि बायकांना आडोसा नाय."

"आणि मांडवीचा आपला माणूस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा लांबचा एक भाचा बंदरावर कामाला होता.

"त्याच्या घराचं काम निघालंय म्हणतो. कौलं उतरवलीत."

"वैशाखात सगळेच कौलं उतरवतात," सासूबाई म्हणाल्या. "खुन्याच्या आयशीला कोण दारात उभी करील?"

पक्षकारांसाठी कोर्टाजवळ एक खाणावळ होती, पण ती ब्राह्मणाची. तिथं पुरुषच उतरत, आणि मासळी चालत नसे. आम्ही तर तांदळाबरोबर सुकटच नेणार होतो; विकत घेऊन जेवायची ऐपत नव्हती. शेवटी मामा पुन्हा गेले तेव्हा मोटारीच्या अड्ड्यावर त्यांना एका जागेचा पत्ता लागला. मांडवीच्या वाटेवर एक म्हातारा खलाशी आणि त्याची बायको राहत. बोटीवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढल्या होत्या. चूल पडवीत, विहीर परसात, आपलं आपण शिजवून खायचं. भाडं आम्हाला झेपणारं होतं. मामांनी एक खोली सांगून ठेवली.

मग बांधाबांध. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, कोकमं, दोन चटया, एक घोंगडी. गाय कुठं ठेवायची हा मोठा प्रश्न पडला. वाडीत कुणी आमच्याशी बोलत नव्हतं. आमच्याकडचा विस्तवसुद्धा कुणी नेत नव्हतं. अखेर मामांनी गाय आपल्या गावी नेऊन बांधली. सासूबाईंनी लेकासाठी एक धुतलेला सदरा गाठोड्यात घातला, मग काढला, मग पुन्हा घातला. तो त्याला देता येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पालीवरून मोटारीनं आम्ही दुपारी पोचलो. पावसाळ्यात बोट बंद होते, म्हणून त्या दिवसांत शहर माणसांनी फुटायला आलं होतं. मुंबईहून लग्नांसाठी उतरलेले चाकरमानी, त्यांच्या ट्रंका उचलणारे हमाल, आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या. प्रत्येक ओटीवर कुणीतरी परगावचं पथारी टाकून बसलेलं. मामा म्हणाले, "जागा आधी सांगितली म्हणून बरं. आता झाडाखाली राहायची पाळी आली असती."

खलाशाच्या बायकोनं आम्हाला बाजूच्या बोळातून मागं नेलं. परसात विहिरीशी एक बाई पाठमोरी बसून तांदूळ धूत होती. पावलं वाजली म्हणून तिनं वळून पाहिलं. ती माझी जाऊ होती.

कपाळ मोकळं, हात मोकळे. कार्तिकापासून मी तिला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तिच्या हातातून तांदळाचं पाणी गळत राहिलं. तेवढ्यात तिचा थोरला दीर खोलीतून बाहेर आला आणि आम्हाला बघून जागीच थांबला.

"ह्यांना इथं कुणी आणलंन?" तो ओरडला.

खलाशाची बायको ठेंगणी, खणखणीत आवाजाची. ती म्हणाली, "मी आणलंय. माझ्याकडं कोर्टाचीच माणसं येतात. कोण कुठल्या बाजूचा, मी विचारीत नाय. भांडायचं ते तिथं जाऊन भांडा. चूल एक हाय, बारीबारीनं शिजवा."

तो लगेच दुसरी जागा शोधायला बाहेर पडला. मामाही गेले. दिवेलागणीला दोघं वेगवेगळ्या वाटांनी हात हलवीत परत आले. शहरात कुठंही जागा नव्हती.

असे आम्ही एकाच छपराखाली राहिलो. आधी त्यांचं जेवण शिजायचं, मग आमचं. आमच्या खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती. तिचा दीर खोकला तरी ऐकू यायचं. सासूबाई दबक्या आवाजात बोलत, नाहीतर बोलतच नसत. मी चुलीपाशी जायची तेव्हा जाऊ आपलं भांडं उचलून खाली बघत निघून जायची. आम्ही दोघींनी एकत्र लाकडं आणलेली, लावणी केलेली. माझ्या लग्नानंतर डोक्यावर भारा कसा तोलायचा ते तिनंच मला शिकवलं होतं. तिची चार वर्षांची मुलगी गावात ह्या दिराच्या बायकोपाशी ठेवलेली होती. "ती कशी हाय?" एवढं विचारावं असं रोज मनात यायचं. तोवर ती भांडं घेऊन खोलीत गेलेली असायची.

कोर्टात नवऱ्याला आणलं तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. डोकं भादरलेलं, गाल बसलेले. त्यानं एकदाही आमच्याकडं पाहिलं नाही. सासूबाई गाठोड्यातला सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शिपाई म्हणाला, इथं काही देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी मामांना बाजूला घेतलं. "तिची साक्ष उद्या आहे. तिच्या बोलण्यावर सगळं आहे," ते म्हणाले. "तुम्ही एकाच जागी उतरलाय म्हणता ना? मग कुणीतरी बोला तिच्याशी. नाहीतर मला फाशी टाळता येईल असं वाटत नाही."

मामांनी ते खोलीत येऊन सांगितलं. सासूबाई उठून विहिरीकडं गेल्या. जाऊ विहिरीवर एकटीच पाणी काढत होती, तिचा दीर बाहेर गेलेला. मी पडवीत उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुझा गेला," सासूबाई म्हणाल्या. "तो आता काय केल्यान येत नाय. माजा तरी राहू दे. नीट दिसला नाय, एवढाच म्हण."

जाऊ दोर ओढत राहिली. कळशी काठावर आली.

"मी तुझ्या पायां पडतंय," सासूबाई म्हणाल्या आणि खरंच वाकल्या.

"काकी, बाजूला व्हा," ती म्हणाली. "पाणी सांडतंय."

कळशी कमरेवर घेऊन ती माझ्या समोरून गेली. तिचा चेहरा मी पाहिला. त्यात रागही नव्हता, दयाही नव्हती. आमचं माणूस वाचत नाही हे मी तिथंच धरून चालले.

साक्षीत तिनं काहीही लपवलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं: कोयता कुणाच्या हातात होता, वार कुठं बसले, तिचा नवरा शेवटी काय म्हणाला. सासूबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मग आमचे वकील उठले. दोनचार इकडचे तिकडचे प्रश्न विचारून त्यांनी अंधारात खडा टाकावा तसं विचारलं, "तुझ्या नवऱ्याच्या हातात काय होतं?"

"कुऱ्हाड."

"तो कुठं उभा होता?"

"फणसापाशी. मग काकींच्या लेकाच्या अंगावर धावले."

"आधी कोण धावलं?"

कोर्टात पंख्याच्या दोरीची करकर तेवढी ऐकू येत होती. तिच्या दिरानं मान पुढं काढली.

"आमचे," ती म्हणाली. "आधी आमच्यांनी कुऱ्हाड उचललीन. ती चुकली, खांद्यावरून गेली. मग काकींच्या लेकानं कोयता काढलान."

हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. पकडला गेल्यापासून माझ्या नवऱ्यानं तोंडच उघडलं नव्हतं. वकिलांनाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो पहिल्यांदाच रडत होता.

त्या संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा जावेचं गाठोडं बोळात पडलेलं होतं. ती कोर्टातून एकटीच चालत, आमच्या मागून आली. दीर दारातच उभा होता.

"गावात पाय ठेवू नकोस," तो म्हणाला. "फितूर झालीस. मेलेल्याला खुनी ठरवलंस."

"मला विचारलं ते मी सांगितलं, भावजी."

"ह्यांनी काय दिलं तुला?"

तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. "देवाशपथ, आमी हिला काय दिलेलं नाय."

"मग फुकट विकली गेली," तो म्हणाला.

"माझी पोर—"

"पोर आमच्या घरातली हाय. ती आमच्याकडंच राहील."

त्यानं दार लावून घेतलं. खलाशाच्या बायकोनं काही न विचारता गाठोडं उचललं आणि आपल्या स्वयंपाकघरात नेलं. सासूबाई तिथंच दगडावर बसल्या. पोराचा जीव वाचेल असं वाटू लागल्यावर बाई हसते, रडते, देवाला हात जोडते. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. "काय झालं गो हे," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

दीर पहाटेच्या मोटारीनं निघून गेला. पुढं निकाल लागला. खून नव्हे, मनुष्यवध. सात वर्षं सक्तमजुरी. आमच्या निघायच्या दिवशी मी मामांना म्हटलं, "तिला बरोबर घेऊ या. आमच्या घरी राहील."

मामा म्हणाले, "आपल्या मोटारीतून ती गावात उतरली, तर सगळा गाव म्हणेल की आपण तिला विकत घेतली. पोर तर कधीच देणार नाहीत मग."

ते खरं होतं. जावेनं ते ऐकलं. ती मला म्हणाली, "तू जा. पोरीकडं लक्ष ठेव, बस." आम्ही तिला तिथंच ठेवून निघालो.

पोरीला परत आणायला तिनं दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. ती त्या खलाशाच्या घरीच राहिली, येणाऱ्या पक्षकारांची भांडी घासू लागली, पुढं त्यांच्यासाठी रांधू लागली. नवऱ्याला भेटायला मी वर्षातून एकदोनदा रत्नागिरीला जायची, तेव्हा तिच्याकडंच उतरायची. ती आधी मला जेवायला घालायची, मग विचारायची, "कुठवर आली?" मी हातानं दाखवायची. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. यापलीकडं माझ्याकडं सांगण्यासारखं नव्हतं. पोरीला माझ्याशी बोलायची बंदी होती. ती पाणवठ्यावर येई, मी लांबून बघे.

नवरा सुटला तेव्हा सासूबाई राहिल्या नव्हत्या. मी त्याला तुरुंगाच्या दारातून थेट तिच्याकडं नेलं. दुसरीकडं कुठं न्यायचं? तिनं भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. तो मान वर न करता जेवला. हात धुऊन उंबऱ्यात थांबला. मला वाटलं, काहीतरी बोलेल.

"येतो," तो म्हणाला.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

गावी आल्यावरही तो तिच्याबद्दल कधी बोलला नाही. बाकी कुणाबद्दलही फारसं बोलायचा नाही. शेत करायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मला नवरा परत मिळाला असं लोक म्हणत.

पोरीचं लग्न मुंबईच्या गिरणीतल्या एका मुलाशी झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. ती दोघं बोटीनं जाणार हे कानावर आलं, तेव्हा मी आदल्या दिवशीच रत्नागिरी गाठली आणि जावेला सांगितलं. तिनं लुगडं बदललं नाही, नुसता चेहरा धुतला.

मांडवीच्या बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात चढायला ही गर्दी. आम्ही धक्क्याच्या कडेला उभ्या राहिलो. पोर नवऱ्याच्या मागून आली, हिरव्या चुड्याची, आईसारखीच उंच. मला पाहून ती थबकली. इथं दटावायला कुणी मोठं माणूस नव्हतं.

"काकी, तुम्ही इकडं?"

"आले होते कामाला," मी म्हटलं.

तिनं माझ्या शेजारच्या बाईकडं पाहिलं. परक्या माणसाकडं बघतात तसं, पटकन. जाऊ तिच्या बांगड्यांकडं बघत होती. मी तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड घट्ट धरला.

"कोण त्या?" पोरीच्या नवऱ्यानं विचारलं.

"आमच्या वाडीतल्या," पोर म्हणाली, आणि पदर सावरून मचव्यात उतरली.

बोटीचा भोंगा झाला. मचवा लांब गेला, माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी आम्ही उभ्याच होतो. मी विचारलं, "का नाय सांगू दिलंस?"

"आज नव्या घरी निघालीय," ती म्हणाली. "आज कशाला?"

मग ती वळली. खोल्यांत तेव्हा राजापूरकडची माणसं उतरली होती आणि त्यांच्या भाताचं आधण ठेवायची वेळ झाली होती.